नेटबुक

नेटबुक म्हणजे साधारण ७ ते १० इंच पडद्याचा, सुमारे एक ते सव्वा किलो वजनाचा, कमी वीज खाणारा आणि मुख्यतः लेखन, वाचन, ई-मेल व इंटरनेट यांसाठी योजलेला स्वस्त लॅपटॉप. या प्रकाराचा खरा काळ २००७ च्या अखेरीपासून २०१२ पर्यंतचा. पुढे या नावाने यंत्रे विकली जाणे थांबले. तरी प्रवासात बरोबर नेता येईल आणि घरी-कचेरीत रोजच्या कामालाही पुरेल असा छोटा लॅपटॉप कसा असावा, हे ठरवताना त्या पाच वर्षांचा अनुभव आजही उपयोगी पडतो. यंत्र किती लहान करता येईल हे इलेक्ट्रॉनिकीच्या प्रगतीवर अवलंबून असावे असे वाटते. प्रत्यक्षात ती मर्यादा वापरणाऱ्याची बोटे आणि डोळे घालून देतात, आणि नेटबुकांचे यशापयश बऱ्याच अंशी याच मर्यादेभोवती घडले.

हलक्या संगणकाची कल्पना नेटबुकांहून बरीच जुनी आहे. १९८३ मध्ये रेडिओ शॅकने विक्रीस आणलेला टीआरएस-८० मॉडेल १०० चार साध्या पेन्सिल सेलवर चाले, त्याच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी मावत आणि त्यातला मोडेम टेलिफोनला जोडून मजकूर पाठवता येई. फिरतीवरच्या वार्ताहरांनी तो आवडीने वापरला. त्याचा कळफलक पूर्ण आकाराचा होता, हे त्याच्या लोकप्रियतेचे महत्त्वाचे कारण मानले पाहिजे. १९९६ मध्ये तोशिबाने लिब्रेटो हा ६.१ इंच पडद्याचा, सुमारे ८४० ग्रॅम वजनाचा विंडोज संगणक आणला. मात्र तेव्हा आकार लहान करणे खर्चाचे असल्याने अशी यंत्रे महाग असत आणि ती मुख्यतः कामानिमित्त सतत हिंडणाऱ्यांच्याच हाती दिसत. लहान यंत्र स्वस्तही असू शकते, ही गोष्ट नेटबुकांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर सिद्ध केली.

त्यामागची प्रेरणा शिक्षणक्षेत्रातून आली. एमआयटी मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ च्या जानेवारीत दावोस येथे १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली आणि 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ही योजना उभी राहिली. तिच्या एक्सओ-१ या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती, कळफलक धूळ-पाणी आत जाऊ नये अशा अखंड रबरी आवरणाचा होता आणि मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला ७.५ इंची पडदा भर उन्हातही वाचता येत असे. किंमत १०० डॉलरवर रोखता आली नाही. उत्पादन सुरू होईपर्यंत ती जवळजवळ दुप्पट झाली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये या योजनेत सामील होण्यास नकार दिला होता. तरीही भारतातला तिचा एक आरंभीचा प्रयोग २००७ मध्ये महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात या गावच्या छोट्या शाळेत झाला. मुलांनी यंत्र दप्तरातून घरी न्यावे आणि वडीलधाऱ्यांनाही दाखवावे, ही त्या योजनेतली अपेक्षा वजन कमी असल्याखेरीज पुरी होण्यासारखी नव्हती.

बाजारात मात्र पहिले मोठे यश मिळाले ते तैवानच्या आसुस कंपनीला. तिने २००७ च्या जूनमध्ये तैपेईतील काँप्युटेक्स प्रदर्शनात ईई पीसी ७०१ दाखवला आणि ऑक्टोबरमध्ये त्याची विक्री सुरू केली. ७ इंच पडदा, ८०० गुणिले ४८० बिंदू, ५१२ मेगाबाइट मेमरी, ४ गिगाबाइट फ्लॅश साठवण (हार्ड डिस्कऐवजी चिपवर माहिती ठेवणारी), लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली आणि ०.९२ किलो वजन, असे त्याचे स्वरूप होते. त्यातला इंटेलचा सेलेरॉन प्रोसेसर मुळात ९०० मेगाहर्ट्झचा असूनही वीज वाचवण्यासाठी तो ६३० मेगाहर्ट्झवर चालवलेला होता. हे यंत्र दुबळे होते यात शंका नाही. परंतु सुमारे ४०० डॉलरमध्ये खांद्यावरच्या पिशवीत मावणारा पूर्ण संगणक मिळतो म्हटल्यावर लोकांनी ते उचलून धरले. भारतात एचसीएलने २००८ च्या आरंभी माइलीप ही छोटी यंत्रे सुमारे १४ हजार रुपयांपासून विक्रीस आणली.

२००८ मध्ये इंटेलने ॲटम प्रोसेसर बाजारात आणला आणि या प्रकाराला निश्चित रूप आले. त्यातील एन२७० या चिपला कमाल अडीच वॉट वीज पुरे, तर त्या काळच्या नेहमीच्या लॅपटॉपमधील प्रोसेसर सुमारे ३५ वॉटचा असे. ही बचत आज्ञा एकामागून एक, आलेल्या क्रमानेच पार पाडणाऱ्या साध्या रचनेतून साधली होती. त्यामुळे वेग बेताचा राही. शिवाय सोबतचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या चिपांचा संच, जुनाच होता आणि त्यालाच प्रोसेसरपेक्षा अधिक वीज लागे. एसरचा ॲस्पायर वन, एमएसआयचा विंड, डेलचा इन्स्पिरॉन मिनी ९, सॅमसंगचा एनसी१० ही यंत्रे त्याच वर्षी आली. सायन या ब्रिटिश कंपनीने 'नेटबुक' या नावावर आपला हक्क सांगितला होता, कारण तिने १९९९ मध्ये त्याच नावाचे यंत्र विकले होते. हा वाद २००९ मध्ये तडजोडीने मिटला.

छोटेपणाची किंमत प्रथम बोटांना मोजावी लागली. नेहमीच्या कळफलकात शेजारच्या दोन कळांच्या मध्यांतले अंतर १९ मिलिमीटर असते. ७ इंची यंत्रात ते १६ मिलिमीटरच्या आसपास आले. अंतर आणखी वाचवण्यासाठी कडेच्या कळा अरुंद केल्या गेल्या आणि काहींच्या जागा बदलल्या. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलक-पद्धतीने मराठी लिहिणाऱ्यांना याचा त्रास इंग्रजी लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक झाला. इन्स्क्रिप्टमध्ये च, ट, ड, य ही सतत लागणारी अक्षरे कळफलकाच्या उजव्या कडेच्या, म्हणजे इंग्रजीत विरामचिन्हांच्या, कळांवर आहेत. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे स्वर डाव्या हाताखाली आहेत आणि ते उमटवायला उजवी शिफ्ट दाबावी लागते. सुरुवातीच्या ईई पीसीत ही शिफ्ट वर जाणाऱ्या बाणाच्या पलीकडे ढकललेली होती. सवयीने करंगळी बाणावर पडे, कर्सर वरच्या ओळीत जाई आणि हव्या त्या 'आ'ऐवजी भलत्याच शब्दाला काना लागे. पुढे सॅमसंग एनसी१० सारख्या १० इंची यंत्रांत कळफलक नेहमीच्या सुमारे ९३ टक्के आकाराचा झाला, आणि दहाही बोटांनी सलग टंकलेखन करणे तेव्हा कुठे शक्य झाले. ७ इंची आकार दोन वर्षांतच मागे का पडला, याचे हेच सर्वांत पटणारे कारण आहे.

पडद्याची अडचण उंचीची होती. १०२४ गुणिले ६०० बिंदूंच्या पडद्यावर रुंदी कशीबशी भागे, पण सेटिंगच्या कित्येक चौकटी ६०० बिंदूंहून उंच असत आणि त्यांतली 'ओके'ची कळ पडद्याच्या खाली दिसेनाशी होई. वर वेलांट्या व रफार आणि खाली उकार असल्यामुळे देवनागरीच्या ओळीला जास्त उंची लागते. परिणामी मराठी मजकुराच्या थोड्याच ओळी एका वेळी नजरेसमोर राहत. विंडोज एक्सपीवर आणखी एक खोडा होता. त्या प्रणालीत देवनागरी जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी जटिल लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्या वेळी ती बहुधा मूळ सीडी मागे. नेटबुकला सीडी ड्राइव्हच नसल्याने त्या फाइली पेन ड्राइव्हवरून आणण्याची खटपट करावी लागे. विंडोज ७ मध्ये ही सोय अंगभूत होती, त्यामुळे ती प्रणाली आली तेव्हा हा प्रश्न सुटला.

नेटबुकांवर नेहमी होणारी टीका, म्हणजे ती संथ आणि अपुरी होती, ही खरी आहे. पण तिचे सगळे खापर लहान आकारावर फोडणे न्याय्य नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची सर्वसाधारण विक्री २००८ च्या जूनअखेर थांबवली, मात्र स्वस्त छोट्या यंत्रांसाठी ती चालू ठेवली आणि सवलतीच्या परवान्यासाठी मेमरी, पडदा व साठवण यांवर मर्यादा घातल्या. त्यामुळे कंपन्यांची यंत्रे १ गिगाबाइट मेमरी आणि १० इंची पडदा या एकाच साच्यात अडकली. २००९ च्या विंडोज ७ स्टार्टर आवृत्तीत पडद्यावरचे पार्श्वचित्र बदलण्याचीही मुभा नव्हती. याउलट एचपीच्या २१३३ मिनी-नोटमध्ये ८.९ इंच पडद्यावर १२८० गुणिले ७६८ बिंदू आणि जवळजवळ पूर्ण आकाराचा कळफलक बसवला होता. आकार लहान असूनही चांगले यंत्र घडवता येते, हे त्यातून दिसत होते. अडचण किमतीची आणि परवान्याची होती.

प्रवासात मात्र या यंत्रांचे गुण स्पष्ट दिसत. फ्लॅश साठवणीत हार्ड डिस्कसारखी फिरणारी तबकडी नसल्याने एसटीच्या हादऱ्यांची भीती नसे. रेल्वेतल्या अरुंद जागेत ते मांडीवर सहज राही आणि समोरच्या आसनाची पाठ मागे झुकली तरी पडदा मिटावा लागत नसे. २००९ च्या आसुस १०००एचई यंत्रासाठी कंपनीने साडेनऊ तासांच्या बॅटरीचा दावा केला. प्रत्यक्षात तेवढा वेळ मिळाला नाही तरी सबंध दिवसाचे लेखन होऊ शके. भारनियमनाच्या त्या वर्षांत महाराष्ट्राच्या गावांत याचा उपयोग प्रवासाबाहेरही होता.

उतार तीन बाजूंनी आला. २०१० मध्ये आयपॅड आला आणि केवळ वाचणाऱ्या-पाहणाऱ्या ग्राहकाला कळफलकाची गरज उरली नाही. त्याच वर्षी ॲपलने सुमारे १.०६ किलोचा ११ इंची मॅकबुक एअर ९९९ डॉलरला आणला, तर २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुक ही पातळ आणि वेगवान यंत्रांची कल्पना पुढे केली. २०११ च्या जूनपासून गूगलच्या क्रोम प्रणालीवर चालणारी क्रोमबुके विकली जाऊ लागली आणि स्वस्त, इंटरनेटपुरत्या यंत्राची जागा त्यांनी घेतली. आसुस आणि एसर यांनी २०१२ च्या अखेरीस नेटबुकांचे उत्पादन थांबवले.

आज प्रवास आणि रोजचे काम यांसाठी १३ ते १४ इंच पडदा आणि एक ते सव्वा किलो वजन ही जोडी रूढ झाली आहे. पडद्याभोवतीची चौकट बारीक झाल्यामुळे एवढ्या पडद्याखाली पूर्ण आकाराचा कळफलक बसतो आणि वजन नेटबुकएवढेच राहते. २०२० च्या एम१ प्रोसेसरच्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाही नाही. यंत्र निवडताना वजनात चार्जरही धरावा. यूएसबी-सीचा एकच ६५ वॉटचा चार्जर फोन आणि लॅपटॉप दोहोंना चालत असेल तर पिशवीतला भार बराच कमी होतो. विमानप्रवासात १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही आणि लहान लॅपटॉप या मर्यादेत आरामात बसतात. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक मात्र हातातल्या सामानातच ठेवावी लागते. रोज अनेक तास काम करणाऱ्याने घरी मोठा पडदा आणि वेगळा कळफलक जोडावा, म्हणजे मान आणि डोळ्यांवर ताण येत नाही आणि यंत्र हलके घेतल्याचा तोटाही होत नाही.

जुनी नेटबुके काही वर्षे हलक्या लिनक्स प्रणालींवर लेखनासाठी आणि छोट्या सर्व्हरसाठी चालत राहिली. एन२७० हा प्रोसेसर केवळ ३२ बिटांचा असल्याने तो मार्गही आता अरुंद होत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स प्रणालीत अशा यंत्रांवर नव्याने प्रणाली बसवण्याची सोय ठेवलेली नाही.