२.३५ टक्के, पण कुठल्या जमिनीवर?

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर तोफगोळे द्यायचं ठरवलं तेव्हा जगभर जो वाद पेटला तो मी रोज वाचत होतो आणि त्या सगळ्या वादात एक आकडा सारखा समोर येत होता, २.३५ टक्के. ७ जुलैला पेंटागॉनचे वरिष्ठ अधिकारी कॉलिन काल यांनी पत्रकारांना सांगितलं की आम्ही देतोय त्या गोळ्यांचा डड रेट, म्हणजे न फुटता तसेच पडून राहणाऱ्यांचं प्रमाण, २.३५ टक्क्यांच्या वर नाही, आणि रशिया वापरतोय त्यांचा ३० ते ४० टक्के आहे. झालं, मग सगळीकडे हाच आकडा धरून भांडण. देण्याच्या बाजूचे म्हणायचे फक्त २.३५, विरोधातले म्हणायचे आकडा खोटा आहे. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटत होत्या. माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली, चाकणला, गाड्यांच्या पार्टवर, आणि आमच्या लाईनमध्ये कोणी येऊन रिजेक्शनचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा असतो की टेस्ट कुठल्या कंडिशनला घेतली. इथे तो प्रश्न म्हणजे हे २.३५ कुठल्या जमिनीवर मोजलं?

आधी ही वस्तू काय आहे ते बघू, कारण त्याशिवाय वाद कळणार नाही. नेहमीचा १५५ मिमी तोफगोळा साधारण ४३ किलोचा, जाड पोलादी कवच आणि आत सात किलोच्या आसपास स्फोटक. तो एका जागी एकदाच फुटतो आणि कवचाचे तुकडे चहूकडे उडतात. पण तुकडे लांब जातील तसे विरळ होत जातात, अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच जागेवर येणारे तुकडे चौथा हिस्सा उरतात, टॉर्चचा उजेड लांबच्या भिंतीवर फिका पडतो ना तसंच. म्हणजे गोळा पडला तिथे गरजेपेक्षा कितीतरी जास्त मारा, आणि थोड्या अंतरावर खंदकात खाली बसलेल्या सैनिकाला खरचटतही नाही. क्लस्टर गोळ्यात काय केलंय तर तीच ताकद वाटून टाकलीय. एम-४८३ए१ नावाच्या अमेरिकन गोळ्यात ८८ छोटे ग्रेनेड असतात, एम-८६४ जास्त लांब जातो आणि त्यात ७२. एकेका ग्रेनेडमध्ये स्फोटक जेमतेम ३० ग्रॅम, ८८ चं मिळून तीन किलोही भरत नाही, म्हणजे नेहमीच्या गोळ्याच्या निम्म्याहूनही कमी स्फोटक आणि तरी मारा कितीतरी मोठ्या जागेवर. शिवाय प्रत्येकात तांब्याचा एक छोटा शंकू असतो, स्फोट झाला की त्याची धार होऊन ती काही सेंटीमीटर पोलादातून आरपार जाते, त्यामुळे वरून पडलेला ग्रेनेड चिलखती गाडीचं पातळ छतही भेदतो. खंदकांच्या लढाईत सैन्याला हे का हवं असतं ते यावरून लक्षात येईल.

आणि त्या उन्हाळ्यात युक्रेनला खंदकच फोडायचे होते, दक्षिणेला झापोरिझ्झियाच्या बाजूला त्यांची मोठी चढाई सुरू होती आणि गोळे संपत आले होते. युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेत १५५ मिमीचे गोळे महिन्याला १४ हजारांच्या आसपास बनत होते आणि युक्रेन दिवसाला काही हजार उडवत होता, हा हिशोब कुठल्याच कारखान्याला जमणारा नाही, कवचाचं फोर्जिंग मशिनिंग भरणी सगळं वाढवायला वर्षं लागतात. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनीही हेच सांगितलं, निर्णय अवघड होता पण युक्रेनकडचे गोळे संपतायत. नवीन साधे गोळे पुरेसे बनेपर्यंतचा पूल म्हणून गोदामात पडलेले क्लस्टर गोळे द्यायचे असा विचार. म्हणजे हा वाद मुळात कारखान्याच्या कपॅसिटीतून आलाय हे फार कमी लोकांनी बोलून दाखवलं.

आता ग्रेनेड फुटत का नाही ते बघा, मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. गोळा लक्ष्याच्या वर हवेत असताना त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट सुरू करणारी यंत्रणा, एक छोटी दारू पेटवतो, गोळ्याचं बूड निघतं आणि ग्रेनेड मागून बाहेर फेकले जातात. प्रत्येक ग्रेनेडच्या डोक्यावर नायलॉनची एक फीत घडी घालून ठेवलेली असते. ती वाऱ्याने उलगडते, ग्रेनेडला सरळ उभं धरते आणि तिच्या ओढीने आतला आट्यांचा दांडा फिरत फिरत बाहेर येतो. तो सुटला की एक छोटी पट्टी सरकते आणि डिटोनेटर, म्हणजे मुख्य स्फोटक पेटवणारी छोटी टोपी, बरोबर पिनच्या खाली येऊन बसतो, आता ग्रेनेड तयार. मग जमिनीवर आपटल्यावर त्या धक्क्याने पिन डिटोनेटरमध्ये घुसते आणि स्फोट. म्हणजे सगळं काम वारा, ओढ आणि धक्का या तीन गोष्टींवर, आत बॅटरी नाही की इलेक्ट्रॉनिक्स नाही.

मग हे कुठे कुठे फसू शकतं याचा विचार करा. फीत दुसऱ्या ग्रेनेडच्या फितीत अडकली, ग्रेनेड फार खालून सुटला म्हणून दांडा पूर्ण फिरायला वेळच मिळाला नाही, कित्येक वर्षं गोदामात राहून आटे जाम झाले, किंवा सगळं नीट झालं पण आपटताना ग्रेनेड तिरका पडला, झाडाच्या फांदीत अडकला, पिकात पडला, चिखलात रुतला आणि पिनला हवा तेवढा धक्काच बसला नाही. यातली निम्मी कारणं ग्रेनेडच्या आत नाहीतच, ती जमिनीत आहेत. दक्षिण युक्रेनची जमीन म्हणजे काळी माती, चेर्नोझेम म्हणतात तिला, गहू आणि सूर्यफूल. आपल्याकडच्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर चालून बघितलंय ज्यांनी त्यांना सांगायला नको की पाय कसा आत जातो, चेर्नोझेम आपल्या रेगूरपेक्षा वेगळ्या पद्धतीने तयार झालेली असली तरी ओली झाली की तीही अशीच मऊ. टेस्टची रेंज मात्र साधारणपणे मोकळी आणि कडक असते कारण न फुटलेले शोधून मोजायचे असतात. पेंटागॉनने सांगितलं की १९९८ ते २०२० दरम्यानच्या पाच टेस्टवरून हा आकडा आलाय, पण त्या टेस्टचे पूर्ण तपशील लोकांसमोर ठेवले नाहीत. अमेरिकन काँग्रेसच्याच संशोधन विभागाच्या रिपोर्टमध्ये बनवणाऱ्यांचा दावा २ ते ५ टक्के आणि सुरुंग काढणाऱ्यांचा प्रत्यक्ष अनुभव १० ते ३० टक्के असं दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेलं आहे.

आमच्याकडे याला फील्ड फेल्युअर म्हणतात. बेंचवर लाख सायकल चाललेला पार्ट खड्ड्यात धुळीत दोन पावसाळे काढल्यावर वेगळाच आकडा देतो, आणि त्यात बेंचवाला खोटं बोललेला नसतो, त्याने फक्त बेंचचं उत्तर दिलेलं असतं. म्हणून मी २.३५ ला खोटं म्हणणार नाही, पण दशांशाच्या दोन घरांपर्यंतचा आकडा सांगून त्याची जमीन न सांगणं हे मला अजिबात पटलेलं नाही. आणि हाच नियम रशियाच्या ३० ते ४० टक्क्यांनाही लावला पाहिजे, तोही कुठे कसा मोजला ते कोणी सांगितलं नव्हतं.

लेबनॉनचं उदाहरण यात फार बोलकं आहे. २००६ च्या युद्धात इस्रायलने एम-८५ नावाचे ग्रेनेड वापरले, त्यात आपोआप नष्ट होण्याची सोय होती, पडून फुटला नाही तर थोड्या वेळाने स्वतःच फुटायचा, आणि डड रेट एक टक्का सांगितला जायचा. नंतर तिथली जमीन प्रत्यक्ष तपासल्यावर प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास निघालं. सोय असून असं का? तर ती सोयही त्याच फितीवर त्याच दांड्यावर अवलंबून, फीत उलगडलीच नाही तर मुख्य फ्यूजही तयार होत नाही आणि बॅकअपही सुरू होत नाही. दोन ब्रेक आहेत म्हणायचं पण दोघांना ऑइल एकाच पाईपने, तर पाईप फुटल्यावर दोन्ही गेले. आणि युक्रेनला गेलेल्या त्या जुन्या अमेरिकन ग्रेनेडमध्ये तर ही बॅकअपची सोयही नाही.

टक्क्यांची अजून एक अडचण अशी की त्यात संख्या लपते. एम-८६४ चे हजार गोळे म्हणजे ७२ हजार ग्रेनेड. २.३५ टक्के धरले तर १,६९२ न फुटलेले, १० टक्के धरले तर ७,२००, आणि ३० धरले तर २१,६००. आणि हजार गोळे म्हणजे त्या युद्धात एका दिवसाचाही खर्च नाही. अमेरिकेचा स्वतःचा कायदा एक टक्क्यापेक्षा जास्त डड रेटचे क्लस्टर बाहेर द्यायला परवानगी देत नाही, बायडेन यांना राष्ट्रीय हिताचा अपवाद वापरून तो ओलांडावा लागला, म्हणजे सरकारने सांगितलेला सगळ्यात चांगला आकडाही त्यांच्याच मर्यादेच्या दुपटीहून जास्त होता.

न फुटलेला ग्रेनेड दिसतो कसा, तर टॉर्चच्या मोठ्या सेलएवढा, वर फीत लोंबतेय. लहान मुलाला ती ओढून बघावीशी वाटणारच. २००१ मध्ये अफगाणिस्तानात तर अमेरिकन क्लस्टर बॉम्बही पिवळे आणि विमानातून टाकलेली जेवणाची पाकिटंही पिवळी होती, रेडिओवरून लोकांना फरक समजावून सांगावा लागला आणि नंतर पाकिटांचा रंग बदलला. आणि न फुटलेला म्हणजे मेलेला नव्हे, ज्याची पट्टी सरकलीय पण पिन घुसली नाही तो सगळ्यात धोकादायक, त्याला नांगराचा फाळ पुरतो.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. अहिल्यानगरजवळच्या केके रेंजवर लष्कराचा सराव चालतो, तिथले गोळे क्लस्टर नाहीत, पण न फुटलेला गोळा भंगारासाठी उचलून आणला आणि तोडताना स्फोट होऊन माणसं गेली अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. पितळ तांबं पोलाद विकून दोन पैसे मिळतात म्हणून माणूस तो धोका घेतो. लाओसमध्ये हीच गोष्ट अख्ख्या देशाची झालीय. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने तिथे २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यात २७ कोटींच्या आसपास छोटे क्लस्टर बॉम्ब, आणि त्यातले ८ कोटी फुटले नाहीत असा अंदाज आहे. युद्ध संपल्यानंतरच तिथे २० हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली, भात लावताना, चूल पेटवताना, भंगार गोळा करताना. शेजारच्या कंबोडियाचे तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन यांनी म्हणूनच जुलै २०२३ मध्ये बायडेन आणि झेलेन्स्की दोघांनाही उघड विनंती केली की हे वापरू नका, खरे बळी युक्रेनचेच लोक ठरतील. त्यांच्या बाकी राजकारणाबद्दल माझं मत चांगलं नाही, पण या विषयावर त्यांच्या देशाचा अनुभव मोठा आहे.

तरी मी युक्रेनच्या बाजूचं म्हणणं बाजूला सारू शकत नाही. रशिया पहिल्या दिवसांपासून क्लस्टर वापरत होता, एप्रिल २०२२ मध्ये क्रामातोर्स्कच्या रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या गर्दीवर क्लस्टरचं क्षेपणास्त्र पडलं आणि ५० पेक्षा जास्त माणसं गेली. युक्रेनचं म्हणणं होतं की जमीन आमची, सुरुंगांनी आधीच भरलेली, साफही आम्हालाच करायचीय, आणि जो भाग रशियाच्या ताब्यात राहील तिथे आमची माणसं रोज मरतील, तर हिशोब आम्हाला करू द्या. त्यांचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रेझ्निकोव्ह यांनी लेखी हमी जाहीर केल्या की शहरांत वापरणार नाही, रशियाच्या हद्दीत वापरणार नाही, आणि प्रत्येक वापराची जागा नोंदवून ठेवू. ब्रिटन, कॅनडा, स्पेन, न्यूझीलंड यांनी आपण यात नाही असं सांगितलं कारण त्यांनी २००८ चा क्लस्टरबंदीचा करार केलेला आहे, शंभराहून जास्त देशांनी केलाय, अमेरिका रशिया युक्रेन यांनी नाही आणि भारतानेही नाही. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी तर परराष्ट्रमंत्री असताना स्वतः त्या करारावर सही केली होती, आणि २०२३ मध्ये ते म्हणाले की आमची भूमिका तीच आहे पण अमेरिकेला अडवणं आत्ता बरोबर नाही. वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहात युक्रेनला हे गोळे द्यायला बंदी घालणारा ठराव आला तो १४७ विरुद्ध २७६ मतांनी पडला, आणि ठरावाच्या बाजूने दोन्ही पक्षांचे लोक होते. त्याच दिवशी, १३ जुलैला, गोळे युक्रेनला पोचलेही.

एवढं सगळं वाचून माझं मत असं झालं की द्यायचे की नाही हे युक्रेनच्या लोकांनी ठरवावं, पण त्यांच्या हातात डड रेटचा एक आकडा नाही तर कमीतकमी ते जास्तीतजास्त असा खरा पल्ला द्यायला हवा होता, की कडक माळावर इतके, ओल्या काळ्या रानात इतके, पिकात इतके. तेवढं माहीत असतं तर कुठल्या शेतात वापरायचे, कुठे टाळायचे आणि साफसफाईला किती माणसं लागतील हे आधी मांडता आलं असतं. रेझ्निकोव्ह यांच्या हमीतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती जागा नोंदवण्याची. ग्रेनेड तिरका पडून मातीखाली गेला की वरून दिसत नाही, आणि मेटल डिटेक्टर फिरवला तर तोफांच्या तुकड्यांनी भरलेल्या शेतात तो पावलापावलाला वाजतो, हजार वेळा वाकून उकरायचं तेव्हा एक खरा सापडतो. नकाशा असला तर निदान कुठे वाकायचं ते कळतं.

शेतकरी मात्र थांबत नाहीत, पेरणीची वेळ कोणासाठी थांबते. २०२३ च्या वसंतात खारकीव भागातल्या एका शेतकऱ्याने रशियन रणगाड्यांचे पत्रे काढून आपल्या ट्रॅक्टरला लावले, रिमोट बसवला आणि स्वतः लांब उभं राहून सुरुंगांच्या शेतात तो ट्रॅक्टर घातला.