हातचा आला की आठ जातो

१११११११११ ला, म्हणजे नऊ एकांच्या संख्येला, त्याच संख्येनं गुणलं की उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. व्हॉट्सअ‍ॅपवर हे ‘गणिताची जादू’ म्हणून फिरतं, पण ते असं का येतं हे कोणी सांगत नाही.

गुणाकार शाळेतल्यासारखा मांडून पाहा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. एककाच्या घरात एकच १, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. असं वाढत मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि पुढे एकेक कमी होत जातो. कुठेच बेरीज दहापर्यंत पोचत नाही, त्यामुळे एकदाही हातचा घ्यावा लागत नाही. उत्तर दोन्हीकडून सारखं वाचता येतं ते एवढ्यामुळेच.

आता दहा एक घ्या. मधल्या रकान्यात दहा होतात: शून्य मांडा, हातचा एक. शेजारच्या नवात तो मिळवला की तिथेही दहा, पुन्हा हातचा. तो आठात मिळून त्याचा नऊ होतो आणि तिथे प्रकरण थांबतं. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब!

हाच आठ आणखी एका ठिकाणी हरवतो. १११११११११ ला ९ नं भागलं की येतात १२३४५६७९. १ ला ८१ नं भागलं तर दशांशचिन्हापुढे ०१२३४५६७९ हेच अंक फिरून फिरून येतात. कारण तेच. १/८१ म्हणजे ०.०१ + ०.००२ + ०.०००३ अशी न संपणारी बेरीज. तिच्यात नवानंतर दहाची पाळी आली की हातचा नवातून आठापर्यंत पोचतो.

१२३४५६७९ चे मूळ अवयव ३७ आणि ३३३६६७. म्हणजे नऊ एकांची संख्या ९ × ३७ × ३३३६६७, आणि त्यावरून तिच्या वर्गाचे, आपल्या सतरा अंकी संख्येचे, विभाजक निघतात ४५. वर्गसंख्या असल्यानं विभाजकांची ही गणती विषम.

देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटलं. डेमलो हे तेव्हाच्या जी.आय.पी. (आजच्या मध्य) रेल्वेवरचं स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. कल्पना त्यांना तिथे सुचली. आपल्या संख्येचे तीन तुकडे करा: १२३४५६७८, ९, ८७६५४३२१. कडेचे दोन मिळवले की ९९९९९९९९, मधलाच अंक पुन्हा पुन्हा. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३. कापरेकरांचा ६१७४ हा आकडा (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येतो तो) जास्त प्रसिद्ध आहे. मला मात्र डेमलो संख्या अधिक प्रिय आहेत, कारण इथे कागदावरच कारण दिसतं.

आणि हे फक्त दशमान पद्धतीतच घडतं असंही नाही. आठाचा पाया धरला, म्हणजे दहाऐवजी आठ झाले की हातचा घेतला, तर सात एकांपर्यंत हातचा लागत नाही, संगणकात वापरतात त्या सोळाच्या पायात पंधरा एकांपर्यंत. त्यापुढे एक एक वाढवला की आठाच्या पद्धतीत सहा हा अंक हरवतो, सोळाच्या पद्धतीत चौदा (तिथे तोही एकच अंक असतो). दर वेळी पायापेक्षा दोननं लहान असलेला अंकच जातो.