बॅटमॅन (दूरचित्रवाणी मालिका, १९६६–६८)

अमेरिकेतील एबीसी या वाहिनीवर १२ जानेवारी १९६६ ते १४ मार्च १९६८ या काळात प्रसारित झालेली रंगीत दूरचित्रवाणी मालिका. ॲडम वेस्ट यांनी बॅटमॅनची व बर्ट वॉर्ड यांनी त्याचा तरुण साथीदार रॉबिन याची भूमिका केली. मालिकेचे तीन हंगामांत मिळून १२० भाग झाले. निर्मितीप्रमुख विल्यम डोझियर होते आणि लोरेन्झो सेंपल यांनी लेखनाची घडी बसवली. भागाच्या शेवटी नायकांना मृत्यूच्या दारात सोडून ‘उद्या, हीच वेळ, हीच वाहिनी’ असे बजावणारा निवेदकाचा घाईघाईचा आवाज डोझियर यांचाच होता. पहिले दोन हंगाम कथा बुधवारी अडकत असे व गुरुवारी सुटत असे.

मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणारा हा नायक रोजच्या वागण्यात मात्र कमालीचा नियमप्रिय नागरिक आहे, आणि या विसंगतीवर मालिकेतले कोणीही कधी हसत नाही. वेस्ट यांनी प्रत्येक वाक्य न्यायालयात साक्ष द्यावी तशा गांभीर्याने म्हटले. त्यामुळे घरातल्या मुलांना साहसकथा दिसली, तर त्यांच्या आईवडिलांना प्रहसन. पार्श्वभूमीला मुद्रित हशा नव्हता. तरीही एमी या दूरचित्रवाणी पुरस्कारांसाठी मालिकेचे नामांकन विनोदी मालिकांच्या गटात झाले, आणि ते योग्यच होते.

या नियमप्रियतेचा नमुना पहिल्याच भागात सापडतो. रिडलर हा खलनायक बॅटमॅनला मारत नाही, तर खोट्या अटकेबद्दल त्याच्यावर दहा लाख डॉलरचा दावा ठोकतो. साक्षीला उभे राहायचे तर मुखवटा उतरवावा लागणार, ही खरी पंचाईत. पुढे तपासासाठी बॅटमॅन एका नृत्यगृहात जातो. रॉबिन अल्पवयीन असल्याने त्याला आत प्रवेश नाही, म्हणून तो बाहेर गाडीत बसून राहतो. कान असलेला मुखवटा आणि झगा अशा वेशात आत शिरलेला बॅटमॅन आपल्याकडे कोणाचे लक्ष वेधले जाऊ नये म्हणून टेबल नाकारून काउंटरशी उभा राहतो आणि संत्र्याचा रस मागवतो. त्या रसात गुंगीचे औषध मिसळलेले असते. ते चढल्यावर तो डोळ्यांसमोरून दोन बोटे फिरवत जो नाच करतो, तो पुढे ‘बॅटूसी’ या नावाने प्रसिद्ध झाला. रॉबिनला पळवून नेले जात असतानाही पोलीस त्याला या अवस्थेत गाडी चालवू देत नाहीत, आणि तो निमूटपणे त्यांचे ऐकतो.

असे प्रसंग मालिकेत जागोजागी आहेत. जवळच तर जायचे आहे, मग पट्टा कशाला, असा रॉबिनचा सूर लागला की बॅटमॅन त्याला वाहनसुरक्षेचा पाठ देतो. अमेरिकेत सर्व नव्या मोटारींत असे पट्टे बसवणे १९६८ पासून बंधनकारक झाले आणि ते लावण्याची सक्ती करणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने सर्वप्रथम १९८४ मध्ये केला, हे लक्षात घेतले तर हा उपदेश काळाच्या बराच पुढचा होता. पोलीस बॅटमोबिलला, म्हणजे त्याच्या गाडीला, दंड करणार नाहीत हे ठाऊक असूनही बॅटमॅन पार्किंगच्या मीटरमध्ये नाणे टाकतो, कारण त्या पैशातून चांगले रस्ते होतात. घरी डिक, म्हणजे मुखवट्याविना रॉबिन, फ्रेंच शिकून काय उपयोग असे कुरकुरतो, तेव्हा भाषा ही जागतिक शांततेची किल्ली आहे असे त्याला ऐकावे लागते. भारतीय प्रेक्षकांना येथे दूरदर्शनवरील ‘शक्तिमान’ आणि त्याच्या भागाअखेर येणाऱ्या ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ यांची आठवण होणे साहजिक आहे. फरक असा की तेथे उपदेश कथा संपल्यावर वेगळा व मनापासून केला जाई. येथे तो पाठलागाच्या ऐन भरात, गाडी सुरू करता करता येतो, आणि त्यामुळेच त्यात एक डोळा मिचकावलेला असतो.

ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅन, याच्या अभ्यासिकेत शेक्सपियरचा अर्धपुतळा आहे. त्याचे डोके मागे कलंडले की आत एक कळ दिसते; ती फिरवली की पुस्तकांचे कपाट सरकते आणि तळघरातील गुहेत घसरत उतरण्यासाठीचे दोन खांब पुढे येतात. घरातल्या दोघांखेरीज ते वापरणारे सहसा कोणी नाही, तरी त्यांवर ‘ब्रूस’ आणि ‘डिक’ अशा पाट्या आहेत. गुहेतील जवळजवळ प्रत्येक यंत्राला अशीच ठळक नावाची पाटी लावलेली असते. गुहेचे तोंड म्हणून दाखवलेली जागा लॉस एंजेलिसमधील ग्रिफिथ पार्कच्या ब्रॉन्सन कॅन्यनमध्ये आहे.

तेथून सुसाट निघणारी बॅटमोबिल ही मुळात लिंकन कंपनीची १९५५ ची ‘फ्युचुरा’ ही प्रदर्शनासाठी बनवलेली गाडी होती. जॉर्ज बॅरिस यांनी ती एका डॉलरला विकत घेतली होती आणि मालिकेसाठी तिचे रूप पालटले. जानेवारी २०१३ च्या लिलावात तिला सुमारे ४६ लाख डॉलर आले. भिंत चढण्याच्या दृश्यांमागची युक्ती त्या मानाने घरगुती होती: भिंत जमिनीवर आडवी मांडत, कॅमेरा काटकोनात वळवत आणि नट दोर धरून कमरेत वाकून चालत. झगे खाली लोंबल्यासारखे दिसावेत म्हणून ते दोऱ्यांनी मागे ओढून धरले जात. मध्येच एखादी खिडकी उघडून जेरी लुईस किंवा सॅमी डेव्हिस यांच्यासारखा नामवंत डोकावे आणि दोन मुखवटाधाऱ्यांशी शेजाऱ्यासारख्या चार गोष्टी करी. खलनायकांच्या अड्ड्यांवरील दृश्ये मुद्दाम तिरक्या कॅमेऱ्याने टिपलेली आहेत.

खलनायकांच्या भूमिकांसाठी नामवंत नटांची रीघ लागली. सीझर रोमेरो यांनी जोकरसाठी मिशी काढण्यास नकार दिला, तेव्हा तिच्यावरच पांढरा रंग फासण्यात आला. जवळून घेतलेल्या दृश्यांत ती स्पष्ट दिसते. पेंग्विन झालेले बर्जेस मेरेडिथ यांनी धूम्रपान सोडले होते. भूमिकेतल्या सिगारेटचा धूर घशाला लागू लागला, तेव्हा खोकला झाकण्यासाठी त्यांनी जो बदकासारखा आवाज काढला, तोच त्या पात्राची ओळख बनला. कॅटवुमन पहिल्या दोन हंगामांत ज्युली न्यूमार, मालिकेवर बेतलेल्या १९६६ च्या चित्रपटात ली मेरिवेदर आणि तिसऱ्या हंगामात अर्था किट यांनी साकारली. त्याच चित्रपटात पेटती वात असलेला बॉम्ब डोक्यावर धरून बॅटमॅन धक्क्यावर सैरावैरा धावतो आणि प्रत्येक वळणावर त्याला ख्रिस्ती जोगिणी, बाबागाडी ढकलणारी आई, प्रेमी युगुल, अगदी बदकेसुद्धा आडवी येतात. सभ्य माणसाला बॉम्ब टाकायला जागा मिळत नाही, एवढाच तो विनोद. संपूर्ण मालिकेचा स्वभाव या दृश्याइतका नेमका अन्यत्र क्वचितच उतरला असेल.

तिसऱ्या हंगामात मालिका आठवड्यातून एकदाच दिसू लागली. इव्हॉन क्रेग यांची बॅटगर्ल आणली गेली, तरी प्रेक्षक ओसरत गेले. दोन दिवसांच्या कथेतला ताण गेल्यावर साचा उघडा पडला, हे त्याचे एक कारण मानता येते. तथापि बॅटमॅनच्या मूळ चित्रकथांवर मालिकेचा ठसा उमटला होता. तेथे १९६४ मध्ये मारून टाकलेला आल्फ्रेड हा बटलर मालिकेत असल्यामुळे चित्रकथेतही पुन्हा जिवंत करावा लागला, आणि ‘मिस्टर झीरो’ या खलनायकाला मालिकेने दिलेले ‘मिस्टर फ्रीझ’ हे नावच कायम झाले.

ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सची निर्मिती आणि पात्रांची मालकी वॉर्नरकडे, या गुंत्यामुळे संपूर्ण मालिका अमेरिकेत घरी पाहण्याच्या डिस्क-संचाच्या रूपाने नोव्हेंबर २०१४ पर्यंत निघू शकली नाही. २०१६ मधील एका सचेतपटासाठी वेस्ट, वॉर्ड व न्यूमार यांनी आपल्या जुन्या पात्रांना पुन्हा आवाज दिला. ९ जून २०१७ रोजी वेस्ट यांचे निधन झाले.