रेषीय आणि अरेषीय संकलन

चित्रपट किंवा व्हिडिओचे शॉट जुळवण्याच्या दोन पद्धती. रेषीय संकलनात कार्यक्रम पहिल्या शॉटपासून शेवटच्या शॉटपर्यंत क्रमानेच टेपवर उतरवावा लागतो. अरेषीय संकलनात, म्हणजे ज्याला सगळे नॉन-लिनिअर म्हणतात त्यात, कोणताही शॉट केव्हाही मध्ये घालता, हलवता किंवा काढून टाकता येतो.

रेषीय ते जुने आणि अरेषीय ते संगणकाचे, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. फिल्मचे संकलन पहिल्यापासून अरेषीयच होते. १९२४ मध्ये आलेल्या मुव्हिओला या संकलनयंत्रावर किंवा नंतरच्या स्टीनबेकच्या संकलन-टेबलावर संकलक फिल्म कापून तुकडे चिकटवून जोडत असे. मध्येच तीन सेकंदांचा शॉट हवा असेल तर ३५ मिमी फिल्मच्या ७२ फ्रेम, म्हणजे साडेचार फुटांचा तुकडा, तिथे जोडला की झाले. पुढच्या रिळाला हात लावावा लागत नसे.

ही मोकळीक व्हिडिओटेपने हिरावून घेतली. अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या दोन इंची टेपवर चित्र डोळ्यांना दिसतच नसे. तरी सुरुवातीला तीही ब्लेडने कापली जाई. लोहकणांचे द्रावण लावून चुंबकीय खुणा उमटवायच्या, त्या भिंगाखाली पाहायच्या आणि नेमक्या रेषेवर पाते चालवायचे. केसभर चूक झाली की जोडावर चित्र फाटे. त्यामुळे कापण्याऐवजी एका यंत्रावरून दुसऱ्यावर नक्कल करण्याची रीत रुळली. रेषीय संकलन म्हणतात ते हेच.

त्यात एक प्लेअर, एक रेकॉर्डर आणि दोघांना चालवणारा कंट्रोलर असतो. शॉटचे ‘इन’ आणि ‘आउट’, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम, ठरवले की दोन्ही टेपा काही सेकंद मागे जातात, एकत्र वेग धरतात आणि ठरलेल्या फ्रेमवर रेकॉर्डिंग सुरू होते. जुन्या शॉटच्या जागी तेवढ्याच लांबीचा नवा शॉट बसवता येतो. पण दहाव्या मिनिटाला तीन सेकंद वाढवायचे ठरले, तर तिथून पुढचे सगळे पुन्हा उतरवा, नाहीतर तयार टेपचीच नक्कल करून काम भागवा. अॅनालॉग टेपच्या अशा प्रत्येक नकलेत रंग पसरतात, कडा विरतात. म्हणून जाणते संकलक यंत्रावर बसण्याआधी सगळा क्रम टाइमकोडसह, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वेळेच्या आकड्यासह, कागदावर मांडत, आणि ती शिस्त खरोखर मोलाची होती.

संगणकाने फिल्मची मोकळीक व्हिडिओला परत दिली. पहिला प्रयत्न १९७१ चा, सीएमएक्स ६०० या यंत्राचा. ते अवाढव्य, महागडे आणि कृष्णधवल चित्र दाखवणारे होते. खरा बदल १९८९ मध्ये आलेल्या अॅविड या संगणकीय संकलन प्रणालीपासून झाला. ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) हा संगणकावर संकलित होऊन संकलनाचे ऑस्कर मिळवणारा पहिला चित्रपट. संकलक वॉल्टर मर्च.

या पद्धतीत मूळ फाइल अबाधित राहते. टाइमलाइन म्हणजे कोणती फाइल कोणत्या फ्रेमपासून कुठपर्यंत दाखवायची, याची यादी. त्यामुळे एकाच प्रसंगाच्या पाच आवृत्त्या करून शेजारी शेजारी पाहता येतात. मात्र टेप पुढेमागे फिरवताना न मागितलेले शॉटही नजरेखालून जात आणि त्यांतला एखादा नेमका उपयोगी पडे. थेट क्लिपवर उडी मारणाऱ्याने हे रशेस, म्हणजे चित्रित झालेले सगळे कच्चे शॉट, मुद्दाम वेळ काढून पाहिले पाहिजेत.

थेट प्रक्षेपण आजही रेषीयच असते. स्विचरवर, म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवायचे ते निवडणाऱ्या यंत्रावर, कॅमेरा बदलला, की तो शॉट गेला.