विद्युत रोध आणि शक्ती : व्होल्टेज व अँपिअरवरून मोजणी

एखाद्या वस्तूच्या दोन टोकांमधला विद्युत दाब आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह हे दोन आकडे हाती आले की तिचा रोध भागाकाराने मिळतो आणि तिच्यात दर सेकंदाला खर्ची पडणारी ऊर्जा, म्हणजे शक्ती, गुणाकाराने. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम, गुणले की वॅट. शाळेच्या पुस्तकात दाबाला विभवांतर आणि प्रवाहाला विद्युतधारा म्हणतात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरींची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या, दुकानात हे शब्द कुणी वापरत नाही. तिथे पहिला प्रश्न असतो, ‘मोटर किती अँपिअर घेत होती?’

भागाकाराचा हा नियम मांडला जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने, १८२७ साली. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब टिकत नसे, म्हणून त्याने तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंचे दोन सांधे केले. एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. सांध्यांच्या तापमानातल्या फरकामुळे दाब तयार होतो; तो फरक कायम, म्हणून दाबही कायम. (भर उसाच्या पाणीपाळीत गावाकडच्या लाईटवर हा प्रयोग करायचा झाला, तर आजही असलीच काही युक्ती काढावी लागेल.)

दोन सूत्रे एकमेकांत बसवली की आणखी दोन निघतात : प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, किंवा दाबाचा वर्ग भागिले रोध, दोन्हींचे उत्तर शक्तीच. यातला वर्ग फार महत्त्वाचा आहे. २३० व्होल्टला २००० वॅट घेणाऱ्या गिझरमधून ८.७ अँपिअर वाहतात, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध साधारण २६.५ ओहम. व्होल्टेज १८० वर आले की तोच गिझर जेमतेम १२२५ वॅट देतो. दाब २२ टक्क्यांनी उतरला, शक्ती ३९ टक्क्यांनी. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला एकवीस मिनिटे पुरायची, तिथे चौतीस लागतात.

थ्री फेज मोटरीत तीन कॉइल असतात आणि एकेकीचा रोध बऱ्याचदा काही ओहमच असतो. तो साध्या मल्टिमीटरने नीट कळत नाही, कारण मीटरच्या वायरींचाच थोडा रोध त्यात मिसळतो. अशा वेळी तिन्ही कॉइल सुट्या कराव्यात, प्रत्येकीला बॅटरीवरून प्रवाह द्यावा आणि व्होल्ट नेमके कॉइलच्या टोकांवरच मोजावेत. समजा १२ व्होल्टला दोन कॉइलमधून २.५ अँपिअर गेले आणि तिसरीतून ३.१. पहिल्या दोघी ४.८ ओहमच्या, तिसरी ३.९ ची. तिसरीत काही वेढे आतल्या आत चिकटले आहेत. हे माप पटकन घ्यावे : १२ गुणिले २.५ म्हणजे ३० वॅट त्या तारेतच मुरतात आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी चढतो.

याच भागाकाराचे दुसरे टोक महापुरानंतर दिसते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेकाठच्या मोटरी पाण्याखाली गेल्या. अशा मोटरीत तांबे बहुधा शाबूत असते. प्रश्न असतो तांबे आणि बॉडी यांच्यामधल्या इन्सुलेशनचा. तिथे मेगर लावतात. तो ५०० व्होल्ट देतो आणि किती प्रवाह झिरपतो ते पाहतो. अर्धा मिलिअँपिअर झिरपला तर रोध एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम. जुन्या मोटरीला निदान एवढा तरी हवाच. ओलसर मोटर याच्या कितीतरी खाली राहते. तिला भट्टीत सुकवायचे, पुन्हा मेगर लावायचा. आकडा वर येईपर्यंत लाईट द्यायची नाही.

मात्र चालत्या मोटरीला ओहमचा नियम असा सरळ लावता येत नाही, आणि नवशिक्या वायरमनची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टला साधारण ७.२ अँपिअर घेते. भागाकार केला तर ५८ येतात, पण तो कशाचाच रोध नसतो. फिरणारी मोटर आतून उलटा दाब तयार करत असते आणि प्रवाह त्यावर ठरतो. शक्ती काढतानाही नुसता गुणाकार पुरत नाही : १.७३२ (तीनचे वर्गमूळ, थ्री फेजसाठी) गुणिले ४१५ गुणिले ७.२ गुणिले शक्तिगुणक, म्हणजे गुणाकारातला खरोखर शक्ती म्हणून खेचला जाणारा वाटा. दुकानात याला पॉवर फॅक्टर म्हणतात. तो ०.८५ धरला तर मोटर ४४०० वॅट खेचते आणि पाच हॉर्सपॉवर, म्हणजे ३७३० वॅट, शाफ्टवर देते.

म्हणूनच व्होल्टेज पडले की गिझर कमी अँपिअर घेतो आणि पूर्ण लोडवरची मोटर जास्त. पाणी तेवढेच उचलायचे असते, तेव्हा कमी व्होल्टची भरपाई ती अँपिअरने करते. अँपिअर सव्वापट झाले की कॉइलमधली उष्णता वर्गामुळे दीडपटीहून वर जाते. कमी व्होल्टेजला मोटर जळते ती अशी.

दोष दर वेळी डीपीचाच, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचाच, असतो असेही नाही. डीपीपासून नदीवरच्या मोटरीपर्यंत ३०० मीटर केबल टाकली आणि ती २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असली, तर एकेका तारेचा रोध २.२ ओहम भरतो. ७.२ अँपिअरला वाटेतच (थ्री फेजचे १.७३२ धरून) २७ व्होल्ट आणि तिन्ही तारांत मिळून सुमारे ३४० वॅट जातात. चार चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर १७ व्होल्ट, सहाची घेतली तर साडेअकरा.