पोर्ट कोणता, वेग किती: जुन्या संगणकावरील संपर्क-सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

जुन्या वैयक्तिक संगणकावर संपर्काचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले, की ते कामाला लागण्याआधी प्रश्न विचारू लागते. मोडेम (टेलिफोन लाइनवरून डेटा पाठवणारे उपकरण) कोणत्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या कोणत्या जोडणीवर आहे, त्याचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारी वाहिनी, कोणता, वेग किती ठेवायचा, डेटा बिट सात की आठ, पॅरिटी आहे की नाही, स्टॉप बिट किती आणि मोडेमला सुरुवातीला कोणत्या आज्ञा पाठवायच्या. त्याच संगणकावर हिशेबाचे किंवा मजकूर लिहिण्याचे सॉफ्टवेअर बसवताना असली उलटतपासणी होत नसे; फ्लॉपीवरच्या फायली हार्ड डिस्कवर उतरवल्या, फार तर प्रिंटर निवडला, की काम भागे. हे प्रश्न आज लहरी वाटले, तरी त्यांतला प्रत्येक प्रश्न वेगळ्या काळी, वेगळ्या यंत्रासाठी, वेगळ्या माणसांनी घेतलेल्या निर्णयाचा अवशेष आहे. हे निर्णय एकमेकांशी सल्लामसलत करून घेतलेले नव्हते, आणि त्या सगळ्यांची मोट बांधण्याचे काम अखेरीस सॉफ्टवेअर बसवणाऱ्याच्या गळ्यात पडले.

यांतला सर्वांत जुना थर टेलिप्रिंटरचा, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्राचा, आहे. वेगाच्या रकान्यात दिसणारा ‘बॉड’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच तारयंत्र-अभियंता एमिल बोदो यांच्या नावावरून आला. तारेवरचा संकेत एका सेकंदात किती वेळा बदलतो, एवढाच त्याचा मूळ अर्थ. २४०० बिट प्रतिसेकंद वेगाचा मोडेम प्रत्यक्षात ६०० बॉडवर चालतो, कारण प्रत्येक बदलात चार बिट बसवलेले असतात. सॉफ्टवेअरच्या मेनूंनी मात्र दोन्ही अर्थ सर्रास एकच धरले आणि तो घोळ कायम राहिला. स्टॉप बिटांची गोष्ट अधिक बोलकी आहे. मॉडेल ३३ या टेलिटाइप यंत्राचा वेग ११० बॉड होता. प्रत्येक अक्षरामागे एक स्टार्ट बिट, आठ बिट अक्षराचे आणि दोन स्टॉप बिट असे अकरा बिट जात, म्हणजे सेकंदाला दहा अक्षरे छापली जात. ते दोन स्टॉप बिट म्हणजे यंत्राच्या फिरत्या भागांना पुढच्या अक्षरासाठी जागेवर येऊन थांबायला दिलेली सवड होती. ज्या संगणकात असे काहीच फिरत नव्हते, त्याच्याही सेटअपमध्ये ‘स्टॉप बिट एक की दोन’ हा प्रश्न उरला तो एवढ्यासाठी.

सात आणि आठ डेटा बिटांचा वादही याच घराण्यातला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की या अक्षर-संकेतात अक्षराला सात बिट लागत आणि आठवा बिट चूक ओळखण्यासाठी पॅरिटीला देता येई. मोठे संगणक आणि काम्प्युसर्व्हसारख्या व्यावसायिक सेवा सात बिट व सम पॅरिटी (एकांची एकूण संख्या सम ठेवणारी) वापरत राहिल्या, तर वैयक्तिक संगणकांवर चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांनी (फोनवरून जोडून निरोप आणि फाइली देण्याघेण्याच्या सेवांनी) पूर्ण आठ बिट व पॅरिटी नाही, अशी मांडणी स्वीकारली. ही निवड चुकली, की पडद्यावर साधारण निम्मी अक्षरे नीट आणि निम्मी विचित्र चिन्हे उमटत. ज्या अक्षरांत एकांची संख्या विषम असे, त्यांचाच पॅरिटी बिट चढलेला, म्हणजे एक, असे आणि सॉफ्टवेअर त्याला अक्षराचाच भाग समजे. जाणकार त्या चिन्हांकडे एक नजर टाकून दोष टेलिफोन लाइनचा नाही, सेटिंगचा आहे, हे सांगू शकत.

संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचे नियम १९६० साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने आरएस-२३२ या मानकात घालून दिले. त्यात एका टोकाला टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाशी बोलणारे यंत्र, आणि दुसऱ्या टोकाला मोडेम गृहीत धरलेला होता. वैयक्तिक संगणक आला तेव्हा त्याने टर्मिनलची भूमिका घेतली, त्यामुळे दोन संगणक थेट जोडायचे तर दोघेही टर्मिनल ठरत आणि पाठवण्याच्या व घेण्याच्या तारा उलटसुलट केलेली, ‘नल मोडेम’ नावाची केबल लागे. १९८४ च्या पीसी एटीने पंचवीस पिनांच्या जागी नऊ पिनांचा जोड आणला. जुन्या यंत्रांशी खटपट करणाऱ्याच्या खणात अजूनही अडॅप्टरांची जुडी सापडते, ती या दोन गोष्टींमुळे.

मोडेम आणि टेलिफोन लाइन यांच्यामधला अडथळा तांत्रिक कमी आणि कायदेशीर जास्त होता. अमेरिकेतील टेलिफोन कंपनी आपल्या जाळ्याला परके उपकरण जोडू देत नसे. १९६८ साली तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने कार्टरफोन प्रकरणात दिलेल्या निर्णयाने ते दार उघडले, तरी बरीच वर्षे लोक अकूस्टिक कपलर वापरत राहिले. क्रमांक हाताने फिरवायचा आणि शिट्टी ऐकू आली की टेलिफोनचा रिसीव्हर कपलरच्या रबरी कपांत बसवायचा, असा तो प्रकार होता. येथे सॉफ्टवेअरला काही करण्यासारखे नव्हतेच, कारण डायल करणे त्याच्या हातात नव्हते.

१९८१ साली डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीने स्मार्टमोडेम आणला आणि परिस्थिती पालटली. ३०० बिट प्रतिसेकंद हा त्याचा वेग नवा नव्हता. नवे होते ते हे, की ज्या तारेतून डेटा जाई त्याच तारेतून मोडेमला आज्ञाही देता येत. लक्ष वेधण्यासाठी ‘एटी’ ही दोन अक्षरे, मग ‘डी’ म्हणजे डायल, ‘एच’ म्हणजे लाइन सोड. संपर्क चालू असताना पुन्हा आज्ञांच्या अवस्थेत यायचे, तर एक सेकंद शांतता, तीन अधिक-चिन्हे आणि पुन्हा एक सेकंद शांतता. त्या शांततेवर पेटंट होते. ती न वापरता काम भागवणाऱ्या काही मोडेमांची पंचाईत अशी होई, की फाइलीच्या मजकुरात तीच तीन चिन्हे आणि मागून लाइन सोडण्याची आज्ञा आली, तर चालू संपर्क आपोआप तुटे.

हेजच्या आज्ञा पुढे सगळ्यांनीच उचलल्या, पण मूळ संच अपुरा पडू लागल्यावर प्रत्येक उत्पादकाने आपापली भर घातली. त्यातून ‘इनिशियलायझेशन स्ट्रिंग’ नावाचे प्रकरण जन्माला आले. ‘एटी&एफ&सी१&डी२एक्स३’ अशी ओळ मंत्रासारखी दिसते, पण तिच्यात गूढ काही नाही: कारखान्यातील मूळ सेटिंग परत आण; समोरून संकेत असेल तेव्हाच ‘जोडलेला आहे’ असे संगणकाला कळव; संगणकाने आपली तयारीची तार खाली टाकली की लाइन सोड; आणि डायल टोनची वाट पाहू नकोस. यातले &सी१ राहून गेले, तर काही मोडेम संपर्क नसतानाही जोडलेले असल्याचे सांगत राहत आणि सॉफ्टवेअर डायल करायलाच नकार देई. सॉफ्टवेअरसोबत येणारी मोडेमच्या नावांची लांबलचक यादी म्हणजे अशा ओळींची वही होती. आपला मोडेम यादीत नसला, की त्याच्याशी मिळताजुळता शोधणे आणि प्रयोग करत बसणे भाग होते.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारा प्रश्न पोर्ट आणि इंटरप्ट यांचा, आणि तो संपूर्णपणे ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीच्या रचनेतून आला. त्या संगणकात आठच इंटरप्ट-वाहिन्या होत्या. त्यांतली चौथी कॉम १ या सिरियल पोर्टला आणि तिसरी कॉम २ ला दिली गेली. पुढे कॉम ३ आणि कॉम ४ यांची गरज पडली, तेव्हा त्यांना पत्ते वेगळे मिळाले, पण वाहिन्या मोकळ्या नसल्याने रिवाजाने कॉम ३ ने चौथी आणि कॉम ४ ने तिसरीच वापरायची असे ठरले. त्या काळच्या विस्तार-पट्टीवर दोन कार्डांना एक वाहिनी बिनधोक वाटून घेता येत नसे. माऊस कॉम १ वर आणि अंतर्गत मोडेम कॉम ३ वर, ही अगदी नेहमीची मांडणी. मोडेम व्यवस्थित डायल करी, संपर्क जुळे आणि माऊस हलवताक्षणी सगळे ठप्प होई. उपाय म्हणजे कार्डावरचा जम्पर (दोन पिना जोडणारी चिमुकली टोपी) काढून पाचव्या वाहिनीवर बसवायचा आणि सॉफ्टवेअरला तसे सांगायचे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये इंटरप्ट बदलायची सोयच नव्हती, ते अशा संगणकावर निरुपयोगी ठरे. इंटरप्ट-वाहिन्या वाटताना काढलेली ही काटकसर पुढे पंधरा वर्षे लोकांना छळत राहिली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत महागात पडलेला निर्णय होय.

वास्तविक हार्डवेअरच्या तपशिलापासून सॉफ्टवेअरला दूर ठेवण्यासाठीच बायोस, म्हणजे संगणकात कायमचा भरलेला मूलभूत प्रोग्रॅम, होता. पण बायोसमधली सिरियल पोर्टची सेवा ९६०० च्या पुढे जात नसे आणि इंटरप्टही वापरत नसे. प्रत्येक अक्षरासाठी पोर्टकडे वळून पाहावे लागे. म्हणून संपर्काची सॉफ्टवेअरे बायोसला वळसा घालून थेट सिरियल पोर्टच्या चिपशी बोलत, आणि म्हणूनच त्यांना तिचा पत्ता व वाहिनी माणसाला विचारावी लागे. ती ८२५० नावाची चिप आलेले एकच अक्षर धरून ठेवू शके. ९६०० च्या वेगाला अक्षरे सुमारे एक मिलिसेकंदाच्या अंतराने येतात. तेवढ्यात पहिले उचलले गेले नाही, तर दुसरे त्याच्यावर येऊन पडते आणि पहिले हरवते. सोळा अक्षरांचा साठा असलेल्या १६५५०ए चिपने हा ताण बराच हलका केला. मोडेममध्येच डेटा दाबून पाठवण्याची सोय आल्यावर पोर्टचा वेग लाइनच्या वेगापेक्षा जास्त ठेवणे हिताचे ठरले, आणि १४,४०० च्या मोडेमला ५७,६०० चा पोर्ट सांगण्याची पद्धत रुळली. नवख्याला ही हमखास चूक वाटे, पण सेटिंग बरोबरच असे.

हे सॉफ्टवेअर मुळात संगणकावर पोहोचायचे कसे, हाही प्रश्न होता. फाइली आणायला संपर्काचे सॉफ्टवेअर हवे आणि ते सॉफ्टवेअर स्वतःच एक फाइल, असा तिढा. कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी सुरू केलेल्या कर्मिटने यावर काढलेली तोड मजेशीर आहे: प्रोग्रॅम छापता येणाऱ्या अक्षरांत रूपांतरित करून साध्या मजकुरासारखा पाठवायचा आणि पलीकडे बेसिकमधला एक छोटा प्रोग्रॅम चालवून त्याला मूळ रूप द्यायचे. बुलेटिन बोर्डांच्या जगात वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचा १९७७ चा एक्समोडेम चालू होता, जो १२८ बाइटांचे गठ्ठे करून प्रत्येकाची पोच घेई. त्यांनीच रँडी स्यूस यांच्याबरोबर फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागो येथे पहिला बुलेटिन बोर्ड उभा केला. १९८६ मध्ये चक फोर्सबर्ग यांच्या झेडमोडेमने तुटलेली फाइल तुटल्या जागेपासून पुढे आणण्याची सोय दिली. वापरून पाहा आणि पटले तर पैसे पाठवा, ही वितरणाची रीतही संपर्क-सॉफ्टवेअरशी पहिल्यापासून निगडित आहे. अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी १९८२ मध्ये पीसी-टॉक याच पद्धतीने लोकांच्या हाती दिला.

इंटरनेट आले तेव्हा या प्रश्नावलीवर आणखी एक मजला चढला. विंडोज ३.१ मध्ये त्याची जोडणी अंगभूत नव्हती. जानेवारी १९९३ मध्ये विनसॉक या, विंडोजवरच्या प्रोग्रॅमांना इंटरनेटशी जोडणाऱ्या मानकाची १.१ ही आवृत्ती ठरली आणि ब्राउझर वा मेलचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक समान दार मिळाले. पण त्या दारामागची यंत्रणा वेगळी मिळवून बसवावी लागे. टास्मानियातील पीटर टॅटम यांच्या ट्रम्पेट विनसॉकने ती अनेकांना मिळवून दिली. त्याच्या सेटअपमध्ये आता आयपी पत्ता, नेम सर्व्हर, गेटवे आणि पाकिटाचा आकारही भरायचा असे; शिवाय डायल केल्यानंतर नाव आणि पासवर्ड केव्हा टाकायचा, याची स्क्रिप्ट लिहायची. १९८८ मध्ये लेखी नोंद झालेल्या स्लिप या, फोन लाइनवरून इंटरनेट जोडण्याच्या पद्धतीत आपला पत्ता आधीच ठाऊक असावा लागे. तिच्या जागी आलेल्या पीपीपी पद्धतीत तो दोन्ही बाजू आपसांत ठरवू लागल्या आणि निदान तेवढा एक रकाना कमी झाला. दोन वेगळ्या कंपन्यांची विनसॉक नावाची फाइल एकाच संगणकावर आली, की कोणती वापरली जाते हे शोधण्यात दिवस जाई.

ऑगस्ट १९९५ च्या विंडोज ९५ ने मोडेम ओळखणे, डायल करणे आणि पीपीपी जोडणे ही तिन्ही कामे स्वतःकडे घेतली. प्रश्न नाहीसे झाले असे मात्र नाही. ते ड्रायव्हरसोबतच्या फाइलीत जाऊन बसले आणि इनिशियलायझेशन स्ट्रिंगसाठी ‘प्रगत’ या बटणामागे एक रकाना राहिलाच. त्यानंतर आलेल्या स्वस्त ‘विनमोडेम’नी बरेचसे काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकले. त्यांना स्वतःचा खरा सिरियल पोर्ट नसल्याने डॉसमधले जुने सॉफ्टवेअर त्यांना पाहूच शकत नसे. आज जुने यंत्र चालते करू पाहणाऱ्यांची पुष्कळदा येथेच फसगत होते.

त्यांच्यासमोर दुसरी भिंत सांकेतिकरणाची आहे. इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस या नियमावलीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या, आणि १.२ न येणाऱ्या प्रोग्रॅमला बहुतेक सर्व्हर दारातूनच परत पाठवतात. मदरबोर्डवरची बॅटरी संपून संगणकाची तारीख मागे गेली, तर प्रमाणपत्रे अवैध ठरून नवा प्रोग्रॅमसुद्धा जोडला जात नाही.

यातून हौशी मंडळींनी काढलेला मार्ग जुन्याच खुणांवरून जातो. सिरियल पोर्टला वाय-फाय असलेली एक छोटी सर्किट-पाटी जोडायची, जी स्वतःला हेजचा मोडेम म्हणवते. संगणकाला पूर्वीसारखाच पोर्ट, वेग, आठ बिट आणि एक स्टॉप बिट सांगायचा. क्रमांकाच्या जागी इंटरनेटवरचा पत्ता द्यायचा. पाटी तो पत्ता डायल केल्यासारखे दाखवते, संपर्क जुळल्याचा निरोप देते आणि एक सेकंद थांबून तीन अधिक-चिन्हे टाकली, तर आज्ञा ऐकायलाही तयार होते.