हृदयाला सैल पडायलाही ताकद लागते

टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘ईएफ ६०%’ दिसलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पंपिंग नॉर्मल आहे! पण पेशंटला जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो. मग ‘मनाचे खेळ’ म्हणून विषय मिटवला जातो. वास्तविक हार्ट फेल्युअरच्या (हृदय गरजेला कमी पडण्याच्या विकाराच्या) जवळपास निम्म्या रुग्णांचा ईएफ असाच शाबूत असतो.

घोळ टक्केवारीत आहे. भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर फेकलं, एवढंच ईएफ सांगतो. डाव्या निलयात (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) १०० मिली भरलं आणि ६० फेकलं, तर ६०%. निलयाची भिंत ताठरली, ७० मिलीच भरलं आणि ४२ फेकलं, तरी ६०%! शरीर अर्थात गप्प बसत नाही, ते जास्त दाब देऊन रक्त आत कोंबतं. तोच दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि धाप लागते.

आता माझा आवडता भाग. आकुंचन म्हणजे काम आणि सैल पडणं म्हणजे आराम, असं आपण धरून चालतो. स्नायूपेशीत तसं नाही. पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटलं की मायोसिन या प्रथिनाचे हात अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे धागे पकडून ओढतात. ही पकड सुटायला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, रेणू मायोसिनला येऊन चिकटावा लागतो. मृत्यूनंतर एटीपी संपतं, पकड तशीच राहते आणि प्रेत ताठतं. अतृप्त इच्छेचा त्यात काही हात नसतो.

एवढ्यानं भागत नाही. सुटलेलं कॅल्शियम परत कोठारात भरावं लागतं, नाहीतर हात पुन्हा पकडणारच. हे काम ‘सर्का’ नावाचा पंप करतो, एका एटीपीच्या मोबदल्यात दोन कॅल्शियम आयन. या पंपावर फॉस्फोलॅम्बन नावाच्या प्रथिनाचा ब्रेक असतो. पळताना अ‍ॅड्रेनलिन वाढतं, फॉस्फोलॅम्बनला फॉस्फेट चिकटतं, ब्रेक ढिला होतो आणि हृदय चटकन सैल पडतं. तसं पडायलाच हवं, कारण मिनिटाला ७० ठोके असताना एका ठोक्याला ०.८५ सेकंद मिळतात, १४० ठोक्यांना जेमतेम ०.४३, आणि कात्री मुख्यतः भरण्याच्या वेळेला लागते. शिवाय टायटिन हे अजस्र प्रथिन आकुंचनात स्प्रिंगसारखं दाबलं जातं आणि सुटताना निलय अक्षरशः रक्त शोषून घेतो. पंप मंदावला किंवा स्प्रिंग कडक झाली, की हे शोषणं बिघडतं.

मग औषधानं भरणं सुधारलं की रुग्णही सुधारेल? ‘अल्डो-डीएचएफ’ चाचणीत (२०१३) ४२२ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर स्पायरोनोलॅक्टोन हे औषध दिलं. इकोवर भरण्याच्या दाबाचा अंदाज देणारा आकडा खाली आला, पण व्यायामाची क्षमता होती तिथेच राहिली. रिपोर्ट सुधारला, जिना तेवढाच अवघड! पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळीचं उलट आहे. ती भिंतीचा ताठरपणा घालवत नाही, पण शरीरात साचलेलं पाणी कमी करून धाप उतरवते.

२०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या औषधानं ही कोंडी थोडी फोडली. ‘एम्परर-प्रिझर्व्ह्ड’ चाचणीत ५,९८८ रुग्ण होते, बऱ्याच जणांना मधुमेह नव्हताच. हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी इस्पितळात भरती, यांपैकी काहीतरी औषध घेणाऱ्या १३.८% रुग्णांच्या वाट्याला आलं, इतरांत १७.१%. म्हणजे साधारण दोन वर्षांत शंभरामागे तीन जण वाचले, तेही मुख्यतः भरतीपासून. बातम्यांनी त्याला ‘चमत्कार’ म्हटलं की मला हे तीन आठवतात. तीन कमी नाहीत, पण चमत्कारही नव्हे.

गंमत म्हणजे हे औषध ज्या प्रथिनाला अडवतं, ते मूत्रपिंडात भरपूर असतं आणि हृदयाच्या स्नायूत जवळजवळ नसतंच. मग ते हृदयाला नेमकं कसं उपयोगी पडतं, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही.